मुठीचा पुरावा : संगणकीय खेळांतील मध्ययुगीन दख्खनी शस्त्रांच्या प्रतिकृतींची चिकित्सा

प्रास्ताविक

ऐतिहासिक कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांतील कालविपर्यासांची चर्चा मराठीत दीर्घकाळ होत आली आहे. पात्रांची भाषा, पगडीची बांधणी, वाड्याची रचना, तोफेचा आकार अशा अनेक अंगांनी समीक्षकांनी या कृतींची झडती घेतली. संगणकीय खेळ मात्र 'मुलांचा वेळ घालविण्याचे साधन' या एका शेऱ्याने निकालात काढला जातो. ही उपेक्षा परवडण्यासारखी नाही. चित्रपटात प्रेक्षक तलवार पाहतो, खेळात तो ती चालवितो. तलवार किती जड आहे, ती कशी धरावयाची, घाव मनगटातून घालावयाचा की खांद्यातून, याविषयीची एक समजूत खेळणाऱ्याच्या मनात शब्दांवाचून तयार होते. आणि शब्दांवाचून तयार झालेली समजूत शब्दांनी दुरुस्त करणे कठीण जाते. मध्ययुगीन भारताचा इतिहास शिकविणाऱ्या अध्यापकासमोरचा विद्यार्थी पुष्कळदा ही समजूत घेऊनच वर्गात येऊन बसतो.

प्रस्तुत लेखात अशा खेळांसाठी घडविल्या जाणाऱ्या त्रिमितीय शस्त्रप्रतिकृतींचा, विशेषतः दख्खनमधील शस्त्रांच्या प्रतिकृतींचा विचार केला आहे. 'मध्ययुगीन' हा शब्द येथे मराठी इतिहासलेखनातील रूढ अर्थाने, म्हणजे यादवकाळापासून अठराव्या शतकापर्यंतच्या कालखंडासाठी वापरला आहे. प्रतिकृतीची ऐतिहासिकता सामान्यतः पात्याच्या आकारात व नक्षीत शोधली जाते. शस्त्राविषयीचा खरा पुरावा मात्र मुठीत असतो, आणि नेमका तोच खेळात प्रथम हरवतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रतिकृती घडते कशी, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. संग्रहालयातील छायाचित्रे किंवा ग्रंथांतील चित्रे समोर ठेवून कलाकार संगणकावर शस्त्राचा ढोबळ आकार उभा करतो. नंतर त्यावर बारकावे कोरले जातात. खेळ अडखळू नये म्हणून आकाराची जाळी पुन्हा विरळ केली जाते आणि कोरलेले बारकावे चित्ररूपाने तिच्यावर चढविले जातात. शेवटी पोलाद, चामडे, सोन्याचा मुलामा असे पृष्ठभाग रंगविले जातात. 'ब्लेंडर'सारखी आज्ञावली विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे हे काम आता जिल्ह्याच्या ठिकाणी बसूनही करता येते. येथपर्यंतचा प्रवास शिल्पकाराचा आहे. त्यानंतर शस्त्र पात्राच्या हातात द्यावे लागते. पात्राच्या आकृतीत हाडांचा एक सांगाडा असतो. तळहाताच्या हाडावर एक बिंदू ठरविलेला असतो आणि प्रत्येक शस्त्र त्या बिंदूला जोडले जाते. हालचाली शस्त्रागणिक वेगळ्या तयार करणे खर्चाचे असल्यामुळे 'एकहाती तलवार', 'दुहाती तलवार', 'खंजीर' असे वर्ग पाडून एका वर्गाला एकच हालचाल देण्याची प्रथा आहे. या वर्गवारीचा साचा मुख्यतः युरोपीय शस्त्रांवरून आलेला आहे. दख्खनी शस्त्राची अडचण येथून सुरू होते.

कट्यारीचा पंजा

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण कट्यारीचे आहे. कट्यारीची मूठ पात्याच्या रेषेत नसते. पात्याच्या मुळापासून दोन समांतर पट्ट्या मागे निघतात आणि त्यांच्यामध्ये एक किंवा दोन आडवे दांडे असतात. हे दांडे मुठीत आवळले की दोन्ही पट्ट्या मनगटाच्या दोहों बाजूंना येतात आणि पाते बाहूच्या सरळ रेषेत पुढे राहते. अशा शस्त्राने ठोसा मारल्याप्रमाणे भोसकावयाचे असते. मनगट वळवावे लागत नाही, त्यामुळे खांद्याचे व शरीराचे सगळे वजन टोकामागे जाते. पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले आढळते, ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. विजयनगर व दख्खनच्या सल्तनतींच्या काळातील जुन्या कट्यारींना पंजाच्या मागील बाजूवर पानाच्या आकाराची ढाप असे. पुढे ती नाहीशी झाली.

खेळांच्या जगात हे शस्त्र पोचले ते नावाने. त्याची पकड मागे राहिली. 'डायब्लो २' या खेळाच्या २००१ मधील विस्तारात मारेकरी स्त्रीचे एक पात्र आहे. तिच्या शस्त्रांमध्ये 'कटार' हे नाव येते, परंतु ते 'पंजा' या वर्गात, नखांच्या शस्त्रांबरोबर. २००२ मध्ये कोरियात सुरू झालेल्या 'राग्नारोक ऑनलाइन' या खेळात तर 'कटार' हा शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गच झाला. ती दोन्ही हातांत मिळून वापरावयाची आहे, आणि त्या वर्गात 'जमधर' नावाचे आणखी एक शस्त्र आहे. यातील गंमत अशी की, 'आईन-इ-अकबरी'च्या परंपरेत आडव्या मुठीच्या या शस्त्रालाच जमधर म्हटले जाते. म्हणजे एकाच शस्त्राची दोन नावे दोन वस्तू होऊन बसली, आणि मुळातले भोसकणे बाजूला राहून ओरबाडणे आले.

मराठी वाचकाला ही सरमिसळ चटकन खटकते, कारण त्याच्या स्मृतीत पंजाचे शस्त्र वेगळे आहे. वाघनखाची पट्टी तळहातात लपते, तिच्या दोन टोकांच्या कड्यांत बोटे अडकतात आणि वाकडी नखे आतल्या बाजूस राहतात. प्रतापगडच्या प्रसंगामुळे वाघनख, बिचवा आणि पट्टा ही तीन नावे मराठी मनात पक्की बसलेली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख जुलै २०२४ मध्ये उसनवारीने साताऱ्यास आणण्यात आले तेव्हा ते प्रत्यक्ष त्या प्रसंगातील आहे काय, यावर बराच वाद झाला. संग्रहालयानेही तसा खात्रीचा दावा केलेला नव्हता. परंतु ते हातात कसे बसते याविषयी वाद नव्हता. कट्यार आणि वाघनख यांतील भेद हा केवळ नावांचा नसून मुठीचा आहे.

ही चूक अज्ञानापेक्षा सोयीतून झाली असावी. 'खंजीर' या तयार वर्गाची हालचाल कट्यारीला दिली तर आडवे दांडे बोटांच्या आरपार गेलेले दिसतात. नवी हालचाल करण्यापेक्षा 'पंजा' या वर्गात तिची सोय लावणे स्वस्त पडते. पुढे तयार प्रतिकृती विकणाऱ्या बाजारपेठा उभ्या राहिल्या, आणि एकदा घडविलेली 'भारतीय कट्यार' कितीही खेळांत जशीच्या तशी वापरता येऊ लागली. हस्तलिखिताच्या नकलेतील चूक जशी पुढच्या सर्व नकलांत उतरते, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, येथे मूळ प्रत शोधून पाठनिश्चिती करणारा संपादक नाही.

तलवारीची चकती आणि ढालीची गादी

सतराव्या-अठराव्या शतकांतील परिचित भारतीय तलवारीची मूठ पूर्ण धातूची असते. मध्ये किंचित फुगीर पकड, पात्याच्या बाजूस आडवी परज आणि शेवटी वाटोळी चकती. ही पकड आखूड असते. इंग्रज निरीक्षकांनी व संग्राहकांनी त्यावरून 'हिंदी लोकांचे हात लहान असतात' असा निष्कर्ष काढला, आणि तो बराच काळ पुस्तकांतून फिरत राहिला. शस्त्र प्रत्यक्ष हातात धरून पाहिले असता या निष्कर्षाचा फोलपणा कळतो. मूठ आखूड आहे ती हात घट्ट अडकावा म्हणून. पुष्कळदा तर्जनी परजेवरून पुढे घेतली जाते आणि उरलेली बोटे चकती व परज यांच्यामध्ये आवळली जातात. अशा पकडीत मनगट पुढे झुकवू गेल्यास चकती मनगटाला टोचते. म्हणून युरोपीय पद्धतीप्रमाणे मनगट लांबवून टोक पुढे फेकता येत नाही. घाव खांद्यातून व कोपरातून येतो आणि पाते लक्ष्यावर टेकताच मागे ओढले जाते. वक्र पात्याने ओढून कापण्याची ही रीत आणि चकतीची रचना या एकमेकांवर अवलंबून आहेत.

या मुद्द्याला मराठवाड्याशी संबंधित एक पुरावा आहे. लुई नोलान या ब्रिटिश घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घोडदळावरील ग्रंथात निजामाच्या अनियमित स्वारांची हकिकत दिली आहे. एका चकमकीत या स्वारांनी घातलेल्या घावांची हकिकत कळल्यावर नोलानला या तलवारी कोणत्या, हे जाणून घेण्याची उत्सुकता वाटली. चौकशीत आढळले ते असे की, त्या ब्रिटिश फौजेने टाकून दिलेल्या जुन्या पात्यांच्याच तलवारी होत्या. स्वारांनी पाती तेवढी घेतली, त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसविल्या, धार वस्तऱ्यासारखी केली आणि ती लाकडी म्यानात ठेवली. मूठ पकडीला लहान व चपटी असल्यामुळे धार सरळ पडते, हेही नोलानने नोंदविले आहे. ब्रिटिश सैनिकाच्या लोखंडी म्यानात तेच पाते घासून बोथट होत असे. पाते एकच, मूठ आणि म्यान बदलताच ते वेगळे शस्त्र झाले. हिंगोलीसारख्या ठिकाणी निजामाच्या प्रदेशातील फौजेची छावणी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही हकिकत परकी वाटत नाही.

खेळांतील प्रतिकृती या कसोटीवर पाहता उणिवा लगेच दिसतात. चकती सोन्याने मढविलेली, पाकळ्यांची, अत्यंत देखणी असते. पण पात्र तलवार फिरविते ते मनगटातून, युरोपीय तलवारबाजीच्या ढंगाने. अशा फिरविण्यात मोठी चकती पात्राच्या बाहूत घुसलेली दिसते. मग चकती लहान करणे किंवा पकड लांबविणे हा सोपा उपाय ठरतो. असे झाले म्हणजे हालचाल चुकीची असल्याचे दाखवून देणारा पुरावाच कापून टाकला जातो. ध्वनीचेही तसेच. म्यानातून तलवार उपसताना खणखणीत धातूचा आवाज यावा, हा संकेत चित्रपटांनी रुजविला आणि खेळांनी तो निमूटपणे उचलला. लाकडी, वर चामडे किंवा मखमल चढविलेल्या म्यानातून तसा आवाज निघणार नाही. निघालाच तर धार बिघडते आहे, असे जुना सैनिक समजला असता.

ढालीविषयी थोडक्यात सांगता येईल. भारतीय ढाल बहुधा गोल, चामड्याची किंवा पोलादाची, बाहेरून चार फुलांची असते. ही फुले केवळ शोभेची नाहीत. आतल्या बाजूच्या कड्यांचे खिळे त्यांच्याखाली येतात. कड्यांतून ओवलेल्या दोन मुठी एकत्र पकडावयाच्या असतात आणि बोटांचे सांधे आतल्या छोट्या गादीवर टेकतात. म्हणजे ढाल बाहूला बांधलेली नसून मुठीत असते. ती पुढे ढकलता येते, फिरविता येते, घाव सरकवून देता येतो. खेळांत मात्र ती युरोपीय ढालीसारखी बाहूला चिकटविलेली असते. बाहेरची फुले अचूक आणि आतली बाजू कोरी, असे अनेक प्रतिकृतींत आढळते. छायाचित्रे बाहेरून काढलेली असतात, हे त्याचे साधे कारण आहे.

पौराणिक खेळाची ऐतिहासिक बाजू

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो ऐतिहासिक म्हणवून घेत नाही. अपहृत भावाचा शोध घेणारी राजी ही डोंबारी खेळ करणाऱ्या मंडळीतील मुलगी, तिला देवतांकडून मिळणारी शस्त्रे, असुर, अशी त्याची चौकट पौराणिक आहे. त्रिशूळ, धनुष्य ही शस्त्रे मूर्तिशास्त्रातून घेतलेली असल्यामुळे त्यांना संग्रहालयातील वस्तूंची मोजपट्टी लावणे अन्यायाचे होईल. तरीही या खेळाकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते, ते शस्त्र आणि शरीर यांच्या जुळणीसाठी. राजी कसरतपटू आहे, आणि तिचे लढणे तिच्या कसरतीतून निघते. खांबाचा आधार घेऊन गरका मारून प्रहार करताना तिला पाहिले म्हणजे मराठी प्रेक्षकाला मल्लखांब आठवल्याशिवाय राहणार नाही. त्रिशूळ तिच्या हातात लांब दांड्यासारखा फिरतो. पात्राचे पूर्वायुष्य, त्याचे शरीर आणि त्याचे शस्त्र या तिहींत एक संगती आहे. ऐतिहासिकतेचा दावा करणाऱ्या कित्येक खेळांत ती सापडत नाही.

दुसऱ्या टोकाला व्यूहरचनेचे खेळ येतात. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ मधील खेळात मराठा राज्यसंघ हा खेळणाऱ्याला निवडता येणारा एक पक्ष आहे. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या २००७ मधील आशियाई विस्तारात उरुमी नावाची लवचीक पट्टीची तलवार आली. त्याच मालिकेच्या दुसऱ्या खेळाला २०२२ मध्ये जोडलेल्या भारतविषयक विस्तारात ती पुन्हा आली, सोबत चक्र फेकणारा सैनिकही आला. या खेळांत सैनिक बोटभर दिसतो, मूठ दिसण्याचा प्रश्नच नसतो. तेथे चिकित्सा करावयाची ती निवडीची. उरुमी ही केरळच्या कळरीपयट्टू परंपरेतील, आखाड्यात दीर्घ साधनेने चालविली जाणारी वस्तू. तिच्या पलटणी मैदानात उतरविण्यामागे नजरेला चमत्कारिक वाटेल त्याला अग्रक्रम देण्याची वृत्ती दिसते. मराठी फौजेचे रोजचे शस्त्र असलेला भाला या हिशेबात फिका ठरतो. घोड्यावरून बांबूचा लांब भाला चालविणारा स्वार दाखविणे हे चमत्काराचे काम नाही. फौजेचे खरे बळ मात्र त्यात होते.

उरलेल्या वस्तू आणि निघून गेलेल्या

प्रतिकृतिकाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याच्यासमोर येणारी वस्तूच मुळात निवडून आलेली असते. सोन्याचे पाणी दिलेली, रत्नजडित, दरबारी शस्त्रे जपली गेली. शिलेदाराची, बारगिराची, गावच्या पाटलाची साधी तलवार वितळवून विळे-कोयते झाली. तंजावरच्या मराठा राजांचे शस्त्रागार हे याचे क्लेशकारक उदाहरण होय. १८५५ मध्ये ते संस्थान खालसा झाल्यावर तेथील शस्त्रांपैकी निवडक नग मद्रासच्या संग्रहालयात गेले आणि बाकीची मोडीत निघाली. लॉर्ड एगर्टन यांच्या १८८० मधील सचित्र ग्रंथात या प्रकाराची नोंद आहे. आज ज्या 'दक्षिणी' प्रतिकृती आढळतात त्यांचे मूळ पुष्कळदा त्या निवडक नगांच्या छायाचित्रांत असते. दरबारातील शस्त्र साध्या सैनिकाच्या हाती देणे म्हणजे शालू नेसून शेतात खुरपावयास बसविण्यासारखे आहे, हे खेळ घडविणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण साधे लुगडे त्याने पाहिलेलेच नसते.

तारखेचा प्रश्नही असाच बिकट आहे. भारतीय शस्त्रांवर कालनिर्देश क्वचित असतो, आणि जुन्या पात्याला नवी मूठ, नव्या पात्याला जुनी मूठ हा प्रकार सर्रास चाले. या दृष्टीने बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातील संग्रहाचे महत्त्व मोठे आहे. महाराजा अनुपसिंह हे मुघलांच्या बाजूने दख्खनच्या मोहिमेत होते. अदोनी येथे १६८९ च्या सुमारास हाती आलेली शस्त्रे त्यांनी बिकानेरला नेली आणि त्यांवर तशी नोंद कोरली गेली. सतराव्या शतकातील दख्खनी शस्त्र कसे दिसे, याचा काळ ठरलेला एवढा मोठा पुरावा दुर्मीळ होय. रॉबर्ट एल्गूड यांच्या २००४ मधील ग्रंथाने दक्षिणेतील शस्त्रांचा अभ्यास या दिशेने पुढे नेला. ज्यास 'मराठा काळातील' प्रतिकृती घडवावयाची आहे, त्याने महाजालावर प्रथम सापडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील राजपूत तलवारीपेक्षा या संग्रहाकडे वळणे उचित ठरेल.

पात्यांबाबत आणखी एक गैरसमज रूढ आहे. भारतीय पाते म्हटले की त्यावर लाटांची नक्षी हवीच, अशी समजूत दिसते. मुशीत तयार केलेल्या उच्च कार्बनयुक्त पोलादाच्या पात्यावर अशी नक्षी, म्हणजे जौहर, उमटते हे खरे. या पोलादाचे एक प्रसिद्ध केंद्र कोनासमुद्रम् हे नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात, देगलूरच्या पलीकडच्या प्रदेशात आहे. तेथील भट्ट्यांचे व पोलाद खरेदीसाठी आलेल्या इराणी व्यापाऱ्याचे वर्णन हेन्री वॉयसी याच्या १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात आहे. परंतु ही नक्षी पोलादाच्या घडणीतून आपोआप येते. ती बारीक आणि अनियमित असते. प्रतिकृतींवर चढविली जाते ती बहुधा निरनिराळ्या धातूंचे थर घडी घालून ठोकलेल्या आधुनिक चाकूंची ठसठशीत, पुन्हापुन्हा तीच येणारी नक्षी. शिवाय मराठ्यांची आवडती 'फिरंग' तर युरोपातून आलेल्या सरळ, लांब, पन्हळ्या पाडलेल्या पात्याची असे. तिच्यावर जौहर नसून परदेशी कारागिराचा ठसा असे. मूठ मात्र इथली. रुंद परज, बोटांवरची कमान आणि चकतीतून मागे निघालेला काटा. हा काटा दुसऱ्या हाताने धरून घाव दुहाती करता येतो. खेळांच्या वर्गवारीत 'एकहाती' आणि 'दुहाती' यांच्या मध्ये जागा नसल्यामुळे फिरंगीचा काटा निव्वळ शोभेचा उरतो.

यादवकाळ व त्यापूर्वीच्या शस्त्रांसाठी वस्तू जवळजवळ नाहीतच. तेथे शिल्पाकडे वळावे लागते. मुखेडचे दशरथेश्वर मंदिर किंवा देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर या चालुक्यकालीन वास्तूंवरील देवतांच्या हाती खड्ग, खेटक, धनुष्य दिसते. पण देवतेचे आयुध हे लक्षणग्रंथांच्या नियमाने घडते, म्हणून त्यावरून सैनिकाचे शस्त्र ठरविताना सावध राहावे लागते. त्यापेक्षा गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या पारावर किंवा मंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ अधिक उपयोगी आहेत. खालच्या चौकटीत पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि शेवटी शिवपूजा अशी त्यांची मांडणी असते. लढाईच्या चौकटीतील माणूस देव नसतो. तो तलवार कोणत्या उंचीवर धरतो, ढाल शरीरापासून किती दूर आहे, कमरेला कट्यार कोणत्या बाजूस खोवली आहे, हे गावच्या पाथरवटाला ठाऊक असणार. ऊन-पावसाने झिजलेल्या या शिळांवरून पात्याची नक्षी कळणार नाही. हाताची ठेवण मात्र कळते, आणि प्रतिकृतीला हवी असते ती हीच. कल्याणीच्या चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये शस्त्रविनोदाचे प्रकरण आहे. उदगीरपासून फार दूर नसलेल्या राजधानीत शस्त्रांचे कौशल्य हा करमणुकीचा विषय होता, याची आठवण खेळांकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांस करून देण्यास हरकत नसावी.

पट्टा : सर्वांत अवघड प्रतिकृती

पट्ट्यात वरील सर्व अडचणी एकत्र येतात. लांब, सरळ, लवचीक, दुधारी पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबण. तिच्या आत कट्यारीसारखा आडवा दांडा. खोबणीमुळे मनगट पूर्णपणे बांधले जाते आणि हात व पाते मिळून एकच लांब दांडा होतो. घाव खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या फिरतीतून येतो. मराठीत 'पटाईत' हा शब्द कुशल माणसासाठी रूढ झाला तो पट्टा चालविणाऱ्यावरून, यावरून त्यास लागणाऱ्या साधनेची कल्पना यावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा दर्जा दिला. त्यानंतर त्याच्या संगणकीय प्रतिकृती वाढणार, हे उघड आहे.

या प्रतिकृतीत पात्राच्या सांगाड्यातील मनगटाचे हाड स्थिर करावे लागेल. पाते घावानंतर लवते, तेही दाखवावे लागेल. तयार वर्गातील एकही हालचाल येथे चालणार नाही. सुदैवाने पट्ट्याची हालचाल जिवंत आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत आजही पट्टा फिरतो, जमिनीवरचे लिंबू कापून दाखविले जाते. अंगाला खुणा लावून शरीराची हालचाल टिपण्याचे तंत्र वापरून ही फिरत नोंदविता येईल. मात्र आखाड्यातील फेक ही प्रेक्षकांसमोरची आहे. तिच्यातील किती भाग रणातला आणि किती नंतर दिखाव्यासाठी वाढलेला, हे वस्तादांशी बसून, प्रत्येक हाताचे प्रयोजन विचारून ठरवावे लागेल. हे काम संगणकशास्त्राच्या विभागाचे एकट्याचे नाही, तसे इतिहासाच्या विभागाचेही एकट्याचे नाही.

मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर या पट्ट्यात देशमुख-पाटलांच्या घरी एखादी तलवार, एखादी कट्यार देवघराच्या कोपऱ्यात कापडात गुंडाळलेली आढळते. ती सहसा साधी असते, म्हणून संग्रहालयास तिचे आकर्षण नसते. प्रतिकृतिकारास मात्र तीच हवी. तिचे छायाचित्र काढणे पुरेसे नाही. पकडीची आतली लांबी, चकतीचा व्यास आणि झुकाव, परजेची जाडी, एकूण वजन, पाते बोटावर तोलून मुठीपासून किती अंतरावर ते समतोल राहते, आणि घरातील प्रौढ माणसाच्या मुठीत ते धरल्यावर चकती मनगटास कोठे टेकते, एवढी मोजमापे घ्यावी लागतील. अशा घरांत शस्त्र वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पूजेसाठी बाहेर काढले जाते. तेल लावून, पुसून ते पाटावर मांडले जाते. मोजपट्टी आणि तराजू घेऊन जावयाचे ते त्याच दिवशी, पूजा आटोपल्यावर, घरच्यांची परवानगी घेऊन.